उपाशी गोधडी

"टाका दाखवा, माणूस सांगते!" असं जनाबाईंचं ब्रीद होतं, आणि ब्रीद मनात ठेवायची त्यांना सवय नव्हती. बुधवार बाजारात भाजी घेताना, कोणाच्या बारशात, अगदी तेरवीच्या पंगतीतसुद्धा त्या शेजारणीच्या झंपराची बाही चिमटीत धरत, न्याहाळत आणि निकाल देत, "हे बटण लावलं तवा तू रागात होती वं. नवऱ्याशी बोलत नव्हती." शेजारीण गोरीमोरी व्हायची. एखादी म्हणायची, "नाही वं माय, असं काही नव्हतं." मग जनाबाई पलीकडच्या बाईला डोळ्यानं खुणावत. म्हणजे पाहा, लपवून राहिली!

सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत जनाबाईंनी सारा जन्म गोधड्या शिवल्या. त्यांचे यजमान नत्थूजी हातमागावर लुगडी विणत, आणि तीच लुगडी विरली की लोक जनाबाईंकडे आणत. "तुम्ही जन्माले घाला, मी म्हातारपण सांभाळते," असं त्या नवऱ्याला ऐकवत. कोणी आईचं लुगडं आणी, कोणी वडिलांचं धोतर, कोणी पोराचा पहिला सदरा, आणि आठ-पंधरा दिवसांनी ऊब घेऊन जाई.

या कामातली एक गोष्ट मात्र त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, नत्थूजींनासुद्धा नाही. ठिगळाची शेवटची बाजू मिटवायच्या आधी त्या आत एक घास ठेवत. घास म्हणजे चिंधीत बांधलेले चिमूटभर तांदूळ. त्या पुरचुंडीला आईनं शिकवलेली एक उलट्या वळशाची गाठ मारायची, आणि गाठीचा दोरा तोडायचा नाही. त्याच दोऱ्यानं पुढे ठिगळाचे टाके घालत जायचं. "गोधडीले उपाशी ठेवू नये. उपाशी गोधडी माणसाची झोप खाते," असं त्यांची आई सांगून गेली होती. ही विद्या कुहीला दिलेल्या लेकीला, दामिनीला, द्यायचं त्यांच्या मनात होतं. पण दामिनीच्या पोटात गोष्ट राहात नाही. सकाळी सांगावं तर दुपारपर्यंत कुही तालुक्याला कळायचं!

तीन वर्षांपूर्वी जनाबाईंनी सुई खाली ठेवली. मुलगा भूपेश वाडीच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. तोच एक दिवस म्हणाला, "आई, आता पुरे. आराम कर." बचत गटाच्या बायकांनी शाल-नारळ देऊन सत्कार केला. तिथेही जनाबाईंनी माईक सोडला नाही. "हात चांगला आहे तवाच मी थांबून राहिली! लोकांनी उठवायच्या आधी जे उठते, ते शहाणं!" टाळ्या पडल्या. सून हर्षानं तर जरा जास्तच टाळ्या वाजवल्या. सगळ्यात शेवटची गोधडी त्यांनी समोरच्या वंदनाच्या लेकीसाठी शिवली होती, आणि तशी गोधडी सक्करदऱ्यात झाली नाही, असं सगळे म्हणत.

मग या हिवाळ्यात दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि जनाबाईंना जग नव्यानं दिसलं. कूलरच्या जाळीवरची धूळ दिसली. टीव्हीतल्या सुनांच्या तोंडावरचा थापलेला रंग दिसला. आणि नत्थूजी दिसले.

"अजी, तुम्ही कवा म्हातारे झाले?"

"तुह्याच मागं मागं आलो," नत्थूजी म्हणाले.

संशय हा जनाबाईंचा पिंडच. आतापर्यंत बिचारा नुसत्या कानांवर जगत होता, आता त्याला डोळे फुटले! दूधवाला मापात मारतो, सून फोनवर हळू बोलते, नात प्रियदर्शनी आरशात पाहून उगाच हसते, सगळ्याची नोंद व्हायला लागली. वंदनाच्या नातवाचं बारसं झालं तेव्हा त्यांनी बाळाखाली अंथरलेली आपली ती शेवटची गोधडी नव्या डोळ्यांनी पाहिली. काय ते टाके! मोजून पेरलेल्या धानासारखे! जनाबाईंचा स्वतःवरच जीव जडला. पुढे वंदना रडकुंडीला येऊन सांगायला लागली, "पोरगं रातभर झोपत नाही वं जनाबाई. साऱ्या घराले जागवते." तेव्हाही जनाबाईंनी डोळे बारीक केले. "त्याच्या बापाकडच्या आजीवर नजर ठेव. मले संशय आहे."

आता या घराची एक रीत आहे. दर मे महिन्यात सगळ्यांनी मिळून एक दिवस कुठेतरी जायचं, आणि जाताना मोठी गोधडी न्यायची. ही गोधडी भूपेश पाळण्यात होता तेव्हा सुरू झाली. ज्या सहलीला जाऊ त्या सहलीतला एखादा कपडा पुढे तिच्यावर ठिगळ म्हणून चढे. रामटेकला माकडांनी फाडलेलं नत्थूजींचं धोतर तिच्यावर आहे. अंभोऱ्याच्या नदीत भिजलेला दामिनीचा परकर आहे. माग बंद पडला त्या वर्षी कुठे जायला जमलं नाही, तर हे सगळे सक्करदरा तलावाच्या काठी फुटाणे खात बसले होते. त्याचंही ठिगळ आहे, आणि जनाबाई त्यावरून हात फिरवताना जरा थांबतात. जनाबाईंनी सुई ठेवल्यापासून नवं ठिगळ चढलेलं नाही, तरी पसरली की पंगत बसेल एवढी ती आता झाली आहे.

या वर्षी दामिनीनं कुहीजवळच्या आपल्या सासरच्या आमराईत सगळ्यांना बोलावलं. रोडगे, वांग्याची भाजी आणि आंबे. बेत ठरला तशी हर्षा सहज म्हणाली, "आई, यंदा प्लास्टिकची चटई नेऊ ना. हलकी पडते."

जनाबाईंचे कान टवकारले. "काहून? गोधडीले काय झालं?"

"काही नाही. धूळ लागते."

संध्याकाळी भूपेश म्हणाला, "आई, गाडीत जागा नाही. गोधडी राहू दे यंदा." नत्थूजी म्हणाले, "उन्हाचं गरम होईन वं." प्रियदर्शनी म्हणाली, "आजी, आजकाल पिकनिकला गोधडी कोणीच नेत नाही." आणि दामिनीचा कुहीवरून फोन आला, "माय, गोधडी नको आणू. इथं सतरंजी आहे."

एकानं सांगितलं असतं तर जनाबाई ऐकत्या. पण एका घरातले इतके लोक एका दिवसात एकाच गोष्टीवर एकमताचे? या घरात भाजीत वांगं घालायचं की बटाटा यावर कधी एकमत झालं नाही! पाणी मुरत होतं. जनाबाईंनी स्वतः कपाटावरून गोधडीचं गाठोडं काढलं, गाडीत ठेवलं, आणि थेट कुहीपर्यंत त्यावर बसून गेल्या. दिघोरीपासून त्यांचं डोकं गाडीच्या टपाला लागत होतं, पण त्या हलल्या नाहीत. पुढे भूपेश आणि हर्षा आरशातून एकमेकांकडे पाहात होते. जनाबाई दोघांकडे पाहात होत्या.

आमराईत पोहोचल्याबरोबर मात्र भलताच चमत्कार झाला. जी माणसं गोधडी नको म्हणत होती, तीच गोधडी पसरायला धावली! जनाबाई चपला काढेपर्यंत पसरून झाली होती आणि तिच्यावर सगळे बसलेही होते. पण बसणं कसं? नत्थूजी एका टोकाला, भूपेश मधोमध, जावई चंद्रभान पार दुसऱ्या कडेला आडवे झालेले, आणि प्रियदर्शनी पाण्याची कॅन पोटाशी धरून वेगळ्याच कोपऱ्यात. चार माणसं, चार ठिकाणं, आणि कोणी जागचं हलायला तयार नाही!

तिकडे गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजायला टाकले होते. दामिनी हाका मारत होती, "अरे, कोणी रोडगे पलटवा रे! जळून राहिले!"

"भूपेश, ऊठ," जनाबाई म्हणाल्या.

"आई, पायाले मुंग्या आल्या माझ्या."

"बरं. जवाई, तुम्ही उठता का?"

"इथं वारा मस्त लागून राहिला आई," चंद्रभान म्हणाले. मे महिन्याची दुपार, झाडाचं पान हलत नव्हतं. त्यांच्या कपाळावरचा घाम नाकावरून ओघळत होता.

"अजी, तुम्ही?"

नत्थूजींना अडचणीच्या वेळी ऐकू येत नाही. ते आंब्याकडे पाहात राहिले.

हर्षा धावतच चुलीकडे गेली. जनाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. ही माणसं गोधडीवर बसली नाहीत, ही काहीतरी दाबून बसली आहेत! त्या हळूहळू जावयाच्या बाजूला सरकल्या. जावई उठत नव्हते, पण त्यांना काहीतरी होत होतं. आधी त्यांनी डावी मांडी खाजवली, मग उजवी. मग डोळे घट्ट मिटले. चेहरा लाल झाला. भूपेशच्या मुंग्या खोट्या होत्या, पण जावयाच्या बाजूला खरोखरच्या काळ्या मुंगळ्यांचं वारूळ होतं!

"जवाई, काय झालं?"

"काही नाही आई. आनंद आहे."

आणि दुसऱ्याच क्षणी "मेलो गा!" म्हणून चंद्रभान असे उडाले की त्यांचा गळ्यातला दुपट्टा फांदीला अडकला. ते तिकडे नाचत पँट झटकत होते आणि इकडे जनाबाईंच्या नव्या डोळ्यांसमोर एक जांभळं ठिगळ उघडं पडलं होतं.

जनाबाई वाकल्या. ठिगळ खिंडसीच्या सहलीचं, दामिनीच्या साडीचं. ते आपण स्वतः लावलं, हे त्यांना स्वच्छ आठवत होतं. पण टाके?

"उठा," त्या म्हणाल्या. "समदे उठा!"

सगळे उठले. आणखी तीन ठिगळं दिसली. सगळी सुई ठेवायच्या आधीच्या शेवटच्या सहलींची, आणि सगळी तशीच.

"हे कोणं शिवलं?" जनाबाईंचा आवाज आमराईच्या पार गेला. "हा टाका आहे का बेंडकाची उडी? एक टाका कुहीले तर दुसरा उमरेडले! कोंबडी चालली असती तरी याच्याहून सरळ गेली असती! शिवणाऱ्याले डोळे होते का कवड्या?"

"जाऊ दे ना वं," नत्थूजी म्हणाले. "जेवून घेऊ."

"जाऊ कसं दे? माझ्या हातचे टाके उसवले कोणीतरी! आणि वरून हा कचरा घातला. उद्या मी मेल्यावर लोकं म्हणतीन, जनाबाईच्या घरची गोधडी अशी होती! चाळीस वर्षांचं नाव आहे माझं!" त्यांनी हात वर केला. "ऐकून ठेवा. ज्यानं हे शिवलं, तो या गोधडीवर पुन्हा बसणार नाही. खाली मातीत बसंन. मग तो कोणी का असेना!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. जनाबाई वळल्या त्या थेट सुनेकडे. मनात जुळवाजुळव झालीच होती. दोन वर्षांपूर्वी घरात कपडे धुवायची मशीन आली होती.

"हर्षा, तू गोधडी मशीनमध्ये टाकली. टाके उसवले, तू घाबरली, आणि कोणाकडून तरी घाईघाईत शिवून घेतली. म्हणून प्लास्टिकची चटई! हो का नाही?"

हर्षाच्या हातात उलथणं होतं. तिनं नत्थूजींकडे पाहिलं, भूपेशकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

"हो आई," ती म्हणाली. "मीच टाकली."

जनाबाई विजयानं फुलल्या, पण फुलणं पुरं व्हायच्या आत नत्थूजी पुढे आले. "तिनं नाही टाकली. मी टाकली."

"तुम्ही? तुम्हाले त्या मशीनचं झाकण उघडता येत नाही!"

"आई, मी टाकली," भूपेश म्हणाला.

"आजी, मी," प्रियदर्शनी म्हणाली.

"खरं सांगू का आई," पँट झटकता झटकता चंद्रभान म्हणाले, "मीच टाकली."

"जवाई, तुम्ही कुहीत राहता! मशीन सक्करदऱ्यात आहे!"

"मी पण होती!" चुलीजवळून दामिनी ओरडली.

"कशात होती?"

"जे काय चाललं त्याच्यात!"

जनाबाईंनी कपाळाला हात लावला. चोर सापडत नाही अशी चोरी त्यांनी ऐकली होती, पण इथे एका चोरीला सहा चोर! याचा अर्थ एकच. हे सगळे मिळून कोणाला तरी वाचवत होते. कोणाला? ते आता सुईच सांगेल. त्यांनी कमरेच्या पिशवीतून सुयांची डबी काढली. निवृत्त झाल्या तरी डबी कमरेला होतीच.

"घ्या. जवायाचा दुपट्टा घ्या आणि एकेकानं टाके घालून दाखवा. टाका दाखवा, माणूस सांगते!"

मग भर दुपारी त्या आमराईत शिवणाची परीक्षा बसली. आंबे उतरवायला आलेला गडी शिडीवरूनच पाहात राहिला. भूपेशनं दोन टाक्यांत तीनदा बोट टोचून घेतलं. प्रियदर्शनीनं आधी मोबाईलवर व्हिडिओ लावला, तो संपेपर्यंत सुई हरवली. चंद्रभाननी भराभरा टाके घातले, अभिमानानं दुपट्टा उचलला, तर बरोबर पँटही वर आली! नत्थूजींचे टाके विणकराचे, सूत धरून आखल्यासारखे. "हे तुमचे नाहीत," म्हणून जनाबाईंनी त्यांना बाद केलं. दामिनीनं "मले येत नाही" म्हणून आधीच हात वर केले.

शेवटी हर्षा. तिनं मान खाली घालून एक ओळ शिवली. जनाबाईंनी दुपट्टा डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. मग पुन्हा जवळ नेला. पेरलेल्या धानाची ओळ!

"हे कुठं शिकली वं तू?"

"तुमच्याजवळ बसून बसून," हर्षा पुटपुटली.

असा टाका आपण कुठेतरी पाहिला आहे, असं जनाबाईंना वाटलं. पण कुठे ते आठवेना, आणि आत्ता त्यासाठी वेळ नव्हता. कारण निकाल भयंकर होता. यांच्यापैकी एकाचाही हात त्या ठिगळांशी जुळत नव्हता!

"म्हणजे बाहेरचं कोणी आहे," त्या म्हणाल्या. "आता ठिगळ उसवून पाहते. मशीनमध्ये गेली असन तर आतला कपडा गोळा झाला असन. आत पुरावा आहे!"

"नको!" सगळे एकदम ओरडले.

बस! एवढं पुरे होतं. जनाबाईंनी डबीतली पाती काढली आणि जांभळ्या ठिगळाची एक बाजू उसवायला घेतली. मनात त्यांचा हिशेब पक्का होता. कोणी हे ठिगळ काढून पुन्हा लावलं असेल तर आपला घास तरी गेला असेल, नाहीतर त्याचा दोरा तरी तुटला असेल. त्यांनी आत बोट घातलं. पुरचुंडी लागली. बाहेर ओढली.

आईची गाठ. उलट्या वळशाची. आणि गाठीतून निघालेला दोरा कुठेच तुटलेला नव्हता. तोच दोरा पुढे गेला होता आणि कुहीवरून उमरेडला उडी मारत होता.

जनाबाईंनी पुरचुंडी तळहातावर धरली. त्यांनी दुसरं ठिगळ उसवलं नाही. गरज नव्हती.

"गाठ माझी आहे," त्या म्हणाल्या.

नत्थूजी जवळ आले. "तुह्या डोळ्यांवर जाळं आलं होतं जने. हळूहळू आलं, म्हणून तुले समजलं नाही. तू सुईत दोरा ओवत बसायची, जमायचं नाही. मग तू पाणी प्यायले उठली की मी ओवून ठेवत होतो."

"मले वाटे, मीच ओवून गेली."

"तसंच वाटावं म्हणून तर."

"मग सांगितलं काहून नाही मले?"

भूपेश पायानं माती उकरत म्हणाला, "कोणं सांगावं आई? म्हणून म्हटलं, आराम कर."

"म्हणजे सुई मी नाही ठेवली," जनाबाई म्हणाल्या. "तुम्ही ठेववली."

त्यांना फार लागलं. माईकवरचं भाषण आठवलं, टाळ्या आठवल्या. कवड्या, कोंबडी, बेडूक, मघापासून उधळलेली सगळी विशेषणं फिरून घरी आली. त्या उठल्या, गोधडीवरून खाली उतरल्या आणि आंब्याच्या बुंध्याशी मातीत जाऊन बसल्या. शिक्षा त्यांनीच ठरवली होती, आणि जनाबाई बोलल्या शब्दाच्या पक्क्या!

थोड्या वेळानं नत्थूजी गुडघे धरत धरत त्यांच्या शेजारी येऊन बसले.

"तुम्ही काहून आले? शिवलं मी."

"दोरा माझा होता."

मग भूपेश आला, हर्षा आली. प्रियदर्शनी आली. चंद्रभान आले, पण आधी त्यांनी जागा नीट झटकून पाहिली. दामिनी काळे झालेले रोडगे आणि भाजीचं पातेलं घेऊन तिथेच आली आणि म्हणाली, "घ्या, कोळसा वाढते." सगळे मातीत बसून खायला लागले. तिकडे एवढी थोरली गोधडी रिकामी पाहून एक बकरी आली आणि रामटेकच्या ठिगळावर ऐसपैस बसली.

जनाबाईंनी रोडग्याचा जळका पापुद्रा काढला आणि त्यांचा हात थांबला. पेरलेल्या धानाची ओळ कुठे पाहिली, ते आठवलं होतं.

"मग गिऱ्हाइकांच्या गोधड्या? त्या तर सरळ होत्या. वंदनाच्या लेकीची तर..." त्यांनी हर्षाकडे पाहिलं.

प्रियदर्शनीच म्हणाली, "आजी, आईनं शिवली ती. तू दुपारी झोपायची तेव्हा आई तुझे टाके उसवायची आणि पुन्हा घालायची. शेवटच्या सगळ्या गोधड्या तशाच गेल्या."

"अन् सत्कारात टाळ्या माझ्यासाठी वाजवत होती!"

"तुमचंच होतं आई सगळं," हर्षा म्हणाली. "कापड तुम्ही लावलं, रंग तुम्ही निवडले. मी नुसता दोरा सरळ केला."

"मग ही घरची काहून नाही सरळ केली? इथं काहून माझी फजिती ठेवली?"

हर्षानं रोडग्याची राख झटकली. "गिऱ्हाइकाच्या गोधडीत वाकडा टाका चालत नाही आई. घरच्या गोधडीत चालते. तुमच्या हातचा होता, उसवावासा नाही वाटला."

जनाबाईंच्या नव्या डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण ते बाहेरच्या पाण्याबद्दल असावं. त्यांनी पदरानं डोळे टिपले, नाक ओढलं, कमरेची सुयांची डबी काढली आणि सुनेच्या हातात ठेवली.

"यंदाचं ठिगळ तू लाव. जवायाचा दुपट्टा आहेच, तसाही तो आता कामाचा नाही. आणि हे पाहून घे." त्यांनी मुठीतली पुरचुंडी उघडली. "आता समद्यांनी पाहिलंच. याले घास म्हणतात. ठिगळ मिटवायच्या आधी आत ठेवायचा. नाहीतर गोधडी उपाशी राहते, आणि उपाशी गोधडी माणसाची झोप खाते. माझ्या आईचं आहे हे."

हर्षा पुरचुंडीकडे पाहातच राहिली. "अगं बाई! आई, असं तर वंदनाकाकूंच्या गोधडीतून पण निघालं होतं!"

"निघन ना. मीच ठेवलं होतं. मग तू परत ठेवलं का नाही?"

"त्या एकाच गोधडीचं ठिगळ पुरं उसवावं लागलं होतं. मले वाटलं, दिसत नाही म्हणून तुमच्या हातून चुकून आत राहिलं," हर्षाचा आवाज बारीक झाला. "तांदूळ मी चिमण्यांले टाकले."

जनाबाईंच्या हातातला रोडगा पातेल्यात पडला.

"बाप्पा! म्हणजे ती गोधडी उपाशी आहे! म्हणूनच वंदनाचा नातू रातभर जागते! मले तवाच संशय आला होता!"

"तवा तुले त्याच्या आजीवर संशय होता," नत्थूजी म्हणाले.

"आजीवर पण होता, गोधडीवर पण होता! तुम्ही मधात बोलू नका." जनाबाई सरसावून बसल्या. मघाचं दुःख कुठल्या कुठे गेलं होतं. "घरी गेलो की हर्षा, तू वंदनाकडे जा. म्हणावं, उन्हाळा आहे, गोधडी द्या, धुवून देते. दुपारी कोपरा उसवू, घास ठेवू, मिटवू, परत देऊ."

"कुठं धुता म्हणून विचारलं तर?"

"मशीनमध्ये सांग."

"आणि काहून एवढी घाई, म्हणून विचारलं तर?"

जनाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. गडी शिडीवरून उतरून गेला होता. ऐकायला फक्त बकरी होती, तरी त्यांनी आवाज खाली आणला.

"कोणी तोंड उघडायचं नाही. दामिनी, तू तर अजिबातच नाही! वंदनाले जरा पण समजलं नाही पाहिजे. लय संशयी बाई आहे ती!"